ओव्हर म्हणेपर्यंत

"ट्रंक कुठं ठेवू?" ह्यांनी विचारलं.

"ठेवा कुठंही. आजच्यानंतर ती तुमच्या पायात येणार नाही."

धरणाच्या बांधकामातला एक सिमेंटचा पाइप एसटीच्या थांब्याजवळ उरला होता आणि तोच आमचा बाक होता. त्यावर ह्यांनी ट्रंक ठेवली, रुमालाने तिच्यावरची धूळ पुसली आणि बाजूला उभे राहिले. धूळ कसली पुसता, असं माझ्या अगदी ओठावर आलं होतं. बायको माहेरी जाते तेव्हा पिशवी घेऊन जाते, ट्रंक नाही. ट्रंकेत मी लग्नातली भांडीसुद्धा भरली होती. मी परत येणार नाही हे मी ह्यांना सांगितलं नव्हतं, पण ट्रंक उचलताना त्यांच्या हाताला ते कळलं असणार.

हे म्हणजे माझे यजमान, विश्वंभर घोलप. धामणे धरणावर पाटबंधारे खात्याचे वायरलेस ऑपरेटर होते. पाऊस किती झाला, पाणी किती चढलं, दारं किती उचलली, हे सगळं खाली तालुक्याच्या कंट्रोलला कळवायचं, हे त्यांचं काम. धरण डोंगरात. कॉलनीत बांधलेल्या घरांपैकी निम्म्यांना कुलपं. पावसाळ्यात समोरचं घरही धुक्यात दिसत नसे. मी तासगावच्या भरल्या घरातून आलेली. दोन चुलते, त्यांच्या सुना, भाऊ, मुलं, येणारे-जाणारे. पहिले काही महिने मला वाटायचं की जगात माणसं संपली आहेत आणि ती फक्त ह्यांच्या सेटमध्ये उरली आहेत.

"धामणे टू कंट्रोल, ओव्हर," असं हे म्हणायचे आणि बटण सोडायचे. मग खरखर व्हायची आणि तिकडून कुणाचा तरी आवाज यायचा. तोही बोलणं संपवून ओव्हर म्हणायचा. गेट ऑपरेटरची बायको हौसाबाई शेजारी राहायची. ती पहिल्यांदा आमच्याकडे आली तेव्हा बराच वेळ कान देऊन बसली आणि मग मला हळूच म्हणाली, "वैनी, ह्यो ओव्हर कोन वो? लई मोठा सायब हाय जनू. घोलपसायब सारखं त्येचंच नाव घेत्यात."

मी पोट धरून हसले. धरणावर आल्यावर मी पहिल्यांदा हसले ते हौसाबाईमुळे.

तसा हा शब्द मी लग्नाआधीही ऐकला होता. भाऊ रेडिओला कान लावून क्रिकेटच्या ओव्हरी मोजायचा. सूतगिरणीतला मामा ओव्हरटाइम करायचा आणि घरी येऊन नुसतं "आज ओव्हर होती" म्हणायचा. इथं आल्यावर कळलं की पाणी सांडव्यावरून गेलं की धरणसुद्धा ओव्हर होतं. हल्ली शेजारची आर्या मला म्हणते, "काकू, ओव्हर करू नका हं," म्हणजे मी जरा जास्तच नाटक करतेय. एवढ्याशा शब्दाला लोकांनी किती ठिकाणी जुंपलंय. पण माझ्या संसारात तो एकाच कामाला आला. माझं बोलून झालं, आता तू बोल, मी ऐकतोय.

त्याचं असं झालं. हे सेटवर इतकं नीट बोलायचे आणि घरात मात्र मुखदुर्बळ. एकदा मी वैतागून म्हटलं, "त्या कंट्रोलवाल्याचं नशीब थोर. त्याच्याशी तेवढं तोंड उघडतं तुमचं."

हे जेवता जेवता थांबले. विचार करून म्हणाले, "सेटवर सोपं असतं, इंदू. एकाने बोलायचं, दुसऱ्याने मध्ये बोलायचं नाही. बोलायचं ठरवलं तरी बोलता येत नाही. समोरच्याने बटण दाबलंय तोवर आपण फक्त ऐकायचं."

"मग घरात पण तसंच करू या की."

मी चेष्टेनं म्हटलं होतं. ह्यांनी ते गंभीरपणे घेतलं. "चालेल," म्हणाले. "मीठ-मिरचीचं बोलणं सोड. पण मनातलं काही बोलायचं असेल तर तू ओव्हर म्हणेपर्यंत मी मध्ये बोलणार नाही. मी बोलत असलो तर तूही नाही."

ऐकायला वेडेपणा वाटेल, पण मला त्याचं इतकं सुख झालं म्हणून सांगू. आमच्या तासगावच्या घरात मी एकही वाक्य पुरं केल्याचं मला आठवत नाही. मी सुरुवात करायची, थोरली काकू ते उचलायची, भाऊ त्याची टर उडवायचा आणि आई म्हणायची, "कळलं, कळलं, पाट मांड आता." इथं हा माणूस माझ्यासमोर मांडी घालून बसायचा, मान जराशी तिरपी करायचा, कानाला हेडफोन असल्यासारखी, आणि मी अडखळले तरी वाट पाहायचा. मी शाळा सुटल्याचं दुःख सांगितलं. सासूबाईंच्या एका टोमण्याबद्दल सांगितलं. मध्ये रडले, नाक पुसलं, पुन्हा बोलले. मी "ओव्हर" म्हटलं तेव्हाच ह्यांनी तोंड उघडलं. मला वाटलं, मला नवरा चांगला मिळाला.

मग मला दिवस राहिले.

सातव्या महिन्यात ह्यांनी मला माहेरी पोचवायचं ठरवलं होतं. पण त्या वर्षी श्रावण लागायच्या आधीच पावसाने जे धरलं ते सोडेचना. घाटरस्ता आज सुरू होईल, उद्या सुरू होईल, यात दिवस गेले. आणि एका सकाळी, वेळेच्या बऱ्याच आधी, माझ्या पोटात कळा यायला लागल्या.

हौसाबाई धावत आली. तिने गावात दोन-चार बाळंतपणं केली होती. हे बाजूच्या खोलीत सेटवर गेले. मध्ये एकच भिंत. पत्र्यावर पाऊस इतका वाजत होता की ह्यांचं बोलणं मला कळत नव्हतं. फक्त शेवटचा शब्द हे नेहमी जरा मोठ्याने म्हणायचे, तेवढा ऐकू यायचा. ओव्हर. थोड्या वेळाने पुन्हा, ओव्हर. सकाळ गेली, दुपार झाली. मी ह्यांना हाक मारली. पुरुषांनी आत यायची रीत नव्हती हे मला ठाऊक होतं, पण दाराशी तरी यावं, एक शब्द बोलावा. मी "अहो, अहो" म्हणून ओरडत होते आणि भिंतीपलीकडून तेच येत होतं. ओव्हर. ओव्हर. पाण्याची पातळी सांगतोय हा माणूस, असं माझ्या मनात आलं. मी इथं मरतेय आणि हा सरकारला पाणी मोजून देतोय.

मुलगी झाली. रडली नाही.

मी "बघू दे" म्हटलं. हौसाबाई मध्ये उभी राहिली. "तोंड बघू नगासा, वैनी. माया लागती." मला ग्लानी येत होती. कुणीतरी काहीतरी कापडात गुंडाळून बाहेर नेलं, एवढंच मला दिसलं. हे आणि हौसाबाईचा नवरा जाऊन तिला मागच्या टेकडीवर ठेवून आले, हे मला दोन दिवसांनी कळलं.

ताप उतरला, अंगात उठण्याएवढी ताकद आली, तशी मी भिंत धरत सेटच्या खोलीच्या दारात गेले. हे माइक पुसत बसले होते. मी म्हटलं, "मी आत मरत होते आणि तुम्ही इथं बसून ओव्हर ओव्हर करत होतात. आणि ती..."

पुढचं मला बोलता आलं नाही. मी तशीच वळले आणि अंथरुणावर येऊन पडले.

हे मागून आले. माझ्यासमोर मांडी घालून बसले. मान तिरपी केली. मी भिंतीकडे तोंड केलं. बऱ्याच वेळाने हे उठून गेले. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी पुन्हा. काही बोलायचे नाहीत. चूक झाली म्हणायचे नाहीत, वाईट वाटतं म्हणायचे नाहीत, माझ्यावर चिडायचेही नाहीत. नुसते बसायचे. मला त्या तिरप्या मानेचा संताप यायला लागला. दगडाला पाझर फुटेल, पण या माणसाला नाही, असं मी हौसाबाईला सांगितलं. ती म्हणाली, "बापय मानसं अशीच अस्त्यात वैनी. आतल्या आत."

"आतल्या आत असतं काही, तर बाहेर एखादा थेंब तरी येईल की नाही?"

ती माझी घागर उचलून पाण्याला गेली.

मग आम्ही फक्त मीठ-मिरचीचं बोलू लागलो. वाढू का. हो. पाणी तापलंय. बरं. पाऊस गेला, धुकं गेलं, समोरची घरं आणि त्यांची कुलपं पुन्हा दिसायला लागली. सेटवरचं काम कमी झालं आणि घरात तर इतकी शांतता की मी भांडं मुद्दाम आपटायची. एका घरात दोन माणसं असून आपण इतके एकटे असू शकतो, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. हे सेटवर बसले की मी टेकडीकडच्या खिडकीत बसायची. तिला कुठं ठेवलंय हे मी विचारलं नाही. त्याआधी मला दुसरंच काही विचारायचं होतं.

भाऊबीजेला माझा भाऊ आला. माझ्याकडे बघून त्याने ताट बाजूला सारलं. "अक्का, चल घरी. तिथं बालवाडीत बाई हवी आहे. इथं राहिलीस तर तुझं काही खरं नाही." हे ऐकत होते. मी ह्यांच्याकडे पाहिलं. आता तरी बोला. राहा म्हणा, जा म्हणा, काहीतरी म्हणा. ह्यांनी भावाला आणखी भाजी वाढली. त्याच क्षणी मी ट्रंक भरायचं ठरवलं.

तर अशी मी त्या सकाळी सिमेंटच्या पाइपापाशी उभी होते. भाऊ आदल्या दिवशीच पुढे गेला होता. हौसाबाईने भाकरी-चटणीची पुरचुंडी दिली, डोळ्याला पदर लावला आणि "या लौकर" म्हणून निघून गेली. खालच्या वळणावर एसटी कण्हत चढत असल्याचा आवाज आला. आमचा थांबा शेवटचा, म्हणजे गाडी इथं येऊन वळायची, ड्रायव्हर-कंडक्टर चहा घ्यायचे आणि मग निघायची.

मला राहवेना.

"अहो, बायको चाललीय तुमची," मी म्हटलं. "घर मोडतंय. आता तरी बोलाल का काही?"

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. खरंच गोंधळल्यासारखे दिसले. म्हणाले, "पण तुझं कुठं झालंय अजून?"

"माझं काय झालं नाही?"

"तू त्या दिवशी दारात म्हणालीस, आणि ती... मग निघून गेलीस. ओव्हर म्हणाली नाहीस." ह्यांचा आवाज घोगरा झाला होता. "मी रोज येऊन बसत होतो. म्हटलं, तुला वेळ लागत असेल."

मी बघतच राहिले.

"म्हणजे तुम्ही... तेव्हापासून?"

"मध्ये बोलायचं नाही असं ठरलंय ना आपलं."

मला एकाच वेळी हसू आलं आणि ह्यांच्या तोंडात मारावंसं वाटलं. या माणसाला काय म्हणावं? मी डोकं फोडून घेत होते आणि हा रांगेत उभं राहावं तसा माझ्या वाक्याच्या शेवटाची वाट बघत होता. आणि मला हेही कळलं की आयुष्यात एवढी वाट माझ्यासाठी कुणी पाहिली नव्हती.

गाडी आली, धुरळा उडवत वळली. ड्रायव्हर टपरीकडे गेला. कंडक्टरने विचारलं, "बाई, ट्रंक टपावर टाकू का?" आणि माझ्या उत्तराची वाट न बघता ती खांद्यावर घेऊन शिडी चढला.

मी ह्यांच्याकडे वळले. वाक्य कधीचं तयार होतं, रोज खिडकीत बसून मी ते मनात म्हणत होते.

"आणि ती कशी होती, ते मला कुणी सांगितलं नाही. तुम्हीसुद्धा सांगितलं नाही. मी आई असून तिला बघितलं नाही." मी श्वास घेतला. "ओव्हर."

ह्यांनी डोळे मिटले. सेटवर बोलण्याआधी जसा खोल श्वास घ्यायचे तसा घेतला.

"आधी तुझ्या पहिल्या वाक्याचं सांगतो," म्हणाले. "सकाळी मी डॉक्टरसाठीच बोलत होतो. कंट्रोल म्हणालं, घाटात दरड आहे, जीप येऊ शकत नाही. मी म्हटलं, माणूस चालत पाठवा. तेवढ्यात एरियलची काठी पडली. मी पावसात वर चढून बांधून आलो. लागेना. दुपारपासून सेट मेलेला होता, इंदू."

मला कळेना. दुपारभर तर मी ह्यांचा आवाज ऐकत होते.

"मग करण्यासारखं काही उरलं नाही. तुझ्या दाराशी येणं तेवढं उरलं होतं. ते माझ्याने होईना. तू हाक मारत होतीस. मला ऐकू येत होती. मी मेलेल्या सेटसमोर बसलो आणि बटण दाबून बोलत राहिलो. बटण दाबलेलं असलं की पलीकडचं काही ऐकू येत नाही. ओव्हर म्हणायचो, पण बटण सोडायचो नाही. भिंतीतून मात्र सगळं येत होतं. मी घाबरलो होतो. एवढंच. ड्यूटी वगैरे काही नव्हतं."

वाटलं असतं तर ह्यांना सांगता आलं असतं, की शेवटपर्यंत डॉक्टरलाच बोलावत होतो. मी विश्वास ठेवला असता. हे नियमाने मध्ये बोलत नसत, तसं खोटंही बोलत नसत. मला राग यायला हवा होता. तो आलाही. पण त्याच्या खाली दुसरंच काहीतरी सुटत होतं, कारण भिंतीच्या पलीकडे सरकारी माणूस नव्हता. माझ्यासारखंच घाबरलेलं कुणीतरी होतं.

मी काही बोलले नाही. ह्यांचं झालं नव्हतं.

"ती..." हे म्हणाले आणि थांबले. टपरीवर ग्लास वाजले. "हौसाबाई मलाही म्हणाल्या, बघू नका. मी बघितली. वाटेत छत्री आडवी धरून कापड बाजूला केलं. केस भरपूर होते. ओले, काळेभोर. कपाळ माझं. बाकी सगळी तू. इथं," ह्यांनी स्वतःच्या हनुवटीला बोट लावलं, "तुझ्यासारखीच खळी. रागावल्यासारखी दिसत होती. तू जेवण थंड झाल्यावर रागावतेस तशी."

मी तोंडावर पदर दाबला.

"टेकडीवर जांभळीखाली ठेवलीय. तिथून घर दिसतं. आपली खिडकी दिसते. मी रोज संध्याकाळी जातो. तुला वाटायचं मी पाऊस मोजायला जातो. उजव्या हाताची मूठ तिने घट्ट मिटलेली होती. अगदी एवढीशी मूठ. मला वाटलं, उघडून बघावी. माझं बोट मी..."

हे थांबले. ओठ हलत होते, आवाज नव्हता.

ड्रायव्हर गाडीत चढला. इंजिन सुरू झालं. कंडक्टर दारात लोंबकळत ओरडला, "ओ बाई, येताय ना? उशीर होतोय."

मी हात वर करून त्याला थांबवलं. तोंडाने काही बोलले नाही. ह्यांनी ओव्हर म्हटलं नव्हतं.

"ट्रंक वर आहे तुमची!"

मी पुन्हा हात केला. त्याने कपाळावर हात मारला आणि घंटी दिली. गाडी वळणावरून खाली गेली. माझी लग्नातली सगळी भांडी टपावर खडखडत तालुक्याला चालली होती. दुसऱ्या दिवशी त्याच कंडक्टरने ट्रंक आणून आपटली आणि म्हणाला, "नवरा-बायकोने आधी काय ते ठरवत जा."

ह्यांनी पुढचं वाक्य पुरं केलं नाही. धुरळा खाली बसला तरी आम्ही तिथेच उभे होतो. मग मी त्यांचा हात धरला आणि आम्ही घराकडे न वळता टेकडीची वाट धरली. वाटेतही मी काही विचारलं नाही.

पुढे आमची बदली झाली, सेट गेले, फोन आले, हे निवृत्त झाले. आणखी मूल झालं नाही. आम्ही हजार गोष्टी बोललो, भांडलो आणि प्रत्येक वेळी ओव्हर म्हटलं. ते एक वाक्य मात्र ह्यांनी कधी पुरं केलं नाही. कधी कधी दिव्याची वात लावताना हे स्वतःच्या बोटाकडे बघत बसायचे. मी वाट पाहायची.

आता हे नाहीत. दुपारी घरात फार शांत असतं. आर्या शाळेतून येईपर्यंत कुणाचा आवाज नसतो. तासगावची बहीण फोनवर म्हणते, "एकटी कशी राहतेस गं, रेडिओ तरी लावत जा." मी हो म्हणते, पण लावत नाही. ह्यांचं बोलणं अजून संपलेलं नाही, आणि मी मध्ये बोलत नाही.